मोटारहोमच्या जनरेटरचा चोक दुरुस्त करायचाय? आधी तो हलताना बघा

अमेरिकेत जुनं मोटारहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतलेल्या आपल्या लोकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी छान चालते, फ्रिज आणि शेगडी ठीक आहे, पण जनरेटर सकाळी थंड असताना सुरूच होत नाही. नाहीतर सुरू होतो, काळा धूर सोडत धडधडतो आणि चार-पाच मिनिटांत बंद पडतो. मग कोणीतरी न बघताच ‘कार्बुरेटर गेला’ असं सांगतं, नवा कार्बुरेटर मागवला जातो, आणि तो बसवल्यावरही पहिले पाढे पंचावन्न.

अशा बऱ्याच दुखण्यांचं मूळ चोकमध्ये, म्हणजे कार्बुरेटरच्या तोंडाशी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत असतं. चोक बिघडलाय की नाही हे डोळ्यांना दिसतं, त्यासाठी अंदाज बांधत बसावं लागत नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: जनरेटर पूर्ण थंड असताना आणि चांगला तापल्यावर, दोन्ही वेळा चोकची प्लेट कुठल्या स्थितीत आहे हे स्वतः बघितल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका. मी हे काम आमच्या गाडीतल्या ४००० वॅटच्या ओनान जनरेटर सेटवर केलं आहे, त्यामुळे पुढचं वर्णन त्याच घराण्यातल्या पेट्रोल जनरेटरचं आहे. ओनान ही मूळची मिनियापोलिसची, १९२० सालची कंपनी. आता ती कमिन्सच्या मालकीची आहे. हो, तेच कमिन्स, ज्यांच्यासोबत किर्लोस्करांनी १९६२ मध्ये पुण्यात इंजिनांचा कारखाना काढला. त्यामुळे सेटवर नुसतं ओनान आणि पुस्तिकेवर कमिन्स असं दिसलं तरी गोंधळून जाऊ नका.

आधी एक खात्री करून घ्या. तुमचा सेट डिझेलवर किंवा प्रोपेन गॅसवर चालत असेल, किंवा नव्या पद्धतीचा इंजेक्शनवाला असेल, तर त्याला असा चोक नसतो आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही. कार्बुरेटरवाल्या पेट्रोल सेटसाठीच पुढे वाचा.

१. चोक नेमकं काय करतो

थंडीत चेतकचा चोक ओढून ज्यांनी किक मारली आहे, त्यांना यातलं अर्धं आधीच ठाऊक आहे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यावं लागतं. कार्बुरेटरच्या तोंडाशी एका दांडीवर फिरणारी गोल प्लेट असते. ती आडवी झाली की हवा अडते आणि उभी राहिली, म्हणजे हवेच्या वाटेला समांतर झाली, की वाट मोकळी होते.

चेतकवर हे काम आपण हाताने करायचो. मोटारहोमचा जनरेटर गाडीच्या पोटात असतो आणि आत बसून बटणावर सुरू होतो, म्हणून इथे चोक आपोआप चालतो. प्लेटच्या दांडीला दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग जोडलेली असते. थंड असताना ती प्लेट बंद धरते. सेट सुरू झाला की त्या स्प्रिंगजवळच्या छोट्या विजेच्या हीटरला १२ व्होल्ट मिळतात, स्प्रिंग तापते, हळूहळू उलगडते आणि प्लेट उघडते. म्हणजे बिघडण्यासारख्या जागा तीनच: प्लेट आणि तिची दांडी, स्प्रिंग, आणि हीटर किंवा त्याची तार.

लक्षणं दोन टोकांची असतात. चोक उघडाच अडकला तर थंड इंजिन नुसतं फिरत राहतं आणि पेट घेत नाही, पण एकदा कसंबसं सुरू झालं की नंतर उत्तम चालतं. चोक बंदच अडकला तर इंजिन पटकन सुरू होतं, पण तापत जाईल तसा काळा धूर येतो, पेट्रोलचा वास येतो, आवाज वरखाली होतो आणि शेवटी ते गुदमरून बंद पडतं. स्पार्क प्लग काढून पाहिला तर त्यावर काजळी असते.

२. चोकवर आळ घेण्याआधी हे तपासा

पेट्रोल किती आहे ते आधी बघा. जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो, पण त्याची नळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते. टाकी साधारण पाव भरलेली राहिली की जनरेटरला पेट्रोल मिळणं बंद होतं, म्हणजे विजेपायी तुम्ही रानात अडकून पडणार नाही. गाडीचं इंजिन सुरू होतंय आणि जनरेटर होत नाही, यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. टाकी निम्म्याच्या वर भरा आणि पुन्हा प्रयत्न करा. गाडी उतारावर तिरकी उभी असेल तर हा पाव भागाचा हिशोबही चुकतो.

नंतर इंजिन ऑइल, सपाट जागेवर गाडी उभी करून. ऑइलचा दाब कमी असेल तर सेट स्वतःहून बंद होतो. मग हाउस बॅटरी, म्हणजे गाडीतल्या घराला वीज देणारी बॅटरी, कारण स्टार्टर तिच्यावरच फिरतो. इंजिन रडत-रडत फिरत असेल तर आधी बॅटरी चार्ज करा. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. तो चोंदला असेल तर इंजिन चोक बंद असल्यासारखंच वागतं. फिल्टरच्या पेटीत आणि सेटभोवतीच्या कप्प्यात उंदरांची घरटी किंवा मातीच्या गांधीलमाश्यांचे गोळे आहेत का तेही बघा. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत ते असतातच.

आता जुन्या पेट्रोलबद्दल, कारण खरा घोळ इथेच होतो. जुनं मोटारहोम घेताना जनरेटरचं तासांचं मीटर कमी आकडा दाखवत असेल तर लोक खूश होतात. माझं मत उलटं आहे. वर्षानुवर्षं न चाललेल्या सेटच्या कार्बुरेटरमध्ये पेट्रोल वाळून त्याचा चिकट थर बसतो आणि केसाएवढी बारीक छिद्रं बुजतात. नियमित चाललेला, जास्त तासांचा सेट मला अधिक विश्वासाचा वाटतो. छिद्रं बुजल्यावर इंजिनाला पेट्रोल कमी मिळतं आणि त्याचाही आवाज वरखाली होतो. चोकच्या दुखण्याशी त्याची गल्लत होते ती इथे. ही दोन दुखणी वेगळी कशी ओळखायची ते चौथ्या पायरीत सांगितलं आहे.

सुरू करण्याच्या बटणातला दिवा लुकलुकत असेल तर तो काय सांगतोय ते मोजा. ओनानच्या लुकलुकून कोड दाखवणाऱ्या सेटवर २ वेळा लुकलुकणं म्हणजे ऑइलचा दाब कमी, ४ वेळा म्हणजे बराच वेळ फिरवूनही इंजिन सुरू झालं नाही. ३ वेळा लुकलुकला तर बंदचं बटण एकदा दाबा, मग दोन अंकी कोड मिळतो. ३६ हा कोड फार दिसतो. त्याचा अर्थ, बंद करायला न सांगताच इंजिन थांबलं. यामागे पेट्रोल, हवा, प्लग, चोक यांपैकी काहीही असू शकतं. ‘३६ आला म्हणजे अमुक पार्ट गेला’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

शेवटी बंदचं बटण काही सेकंद दाबून धरा. बऱ्याच मॉडेलांत यामुळे पेट्रोलचा पंप चालू होतो आणि त्याची टकटक ऐकू येते. असं केल्यावर सेट पटकन सुरू होत असेल तर पेट्रोल नळीतून मागे उतरत आहे, चोकची तक्रार नाही.

३. कागदपत्रं आणि हत्यारं

कागदांत सगळ्यात महत्त्वाची सेटवरची माहितीची पट्टी. पुढचं झाकण उघडलं की ती दिसते. तिचा फोटो काढा: मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि मॉडेल नंबरच्या शेवटचं इंग्रजी अक्षर. त्या अक्षराला स्पेक म्हणतात. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन सेट स्पेक वेगळा असेल तर वेगळा कार्बुरेटर आणि वेगळा चोक घेतात. दुकानदाराने अक्षर विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. चुकीचा पार्ट येण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

सोबत हे जमवा:

- मालकाची पुस्तिका, दुरुस्तीची पुस्तिका आणि पार्टांची यादी. कमिन्सच्या क्विकसर्व्ह ऑनलाइनवर नाव नोंदवलं की मॉडेल नंबर टाकून बरीच माहिती मिळते.
- गाडीला एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर तिचे कागद. स्वतः उघडल्याने ती रद्द होते का ते आधी वाचा.
- मिलिमीटर आणि इंच अशा दोन्ही मापांचे सॉकेट, लांब एक्स्टेंशनसह. जुन्या सेटवर इंचाचे बोल्ट निघतात.
- फुलीचा, सपाट आणि ताऱ्याच्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर.
- मल्टिमीटर.
- कार्बुरेटर क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, फडकी, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल.
- डोक्याला बांधायचा टॉर्च आणि दांडीवरचा छोटा आरसा.
- पर्मनंट मार्कर आणि स्क्रू ठेवायला चुंबकाची वाटी.

ती चुंबकाची वाटी टाळू नका. चोकच्या कव्हरचे स्क्रू इवलेसे असतात आणि हातातून निसटला की सेटच्या खालच्या ट्रेमध्ये जातो. ४००० वॅटचा सेट सुमारे ८० किलोचा असतो. एका स्क्रूसाठी तो खाली उतरवायची वेळ कोणावर येऊ नये.

४. सुरक्षितता, मग निरीक्षण

सेट किमान काही तास बंद असलेला हवा. हात भाजू नये म्हणून तर आहेच, पण कोमट इंजिनावर चोक बघून काही कळतही नाही. गाडी उघड्यावर उभी करा, गॅरेजमध्ये नाही. शोअर पॉवरचा, म्हणजे बाहेरून गाडीला येणाऱ्या विजेचा प्लग काढा. गाडीत ऑटो जनरेटर स्टार्ट असेल तर तो आधी बंद करा. बॅटरी उतरली की तो न विचारता इंजिन फिरवतो, आणि तुमचे हात तेव्हा आत असतात. प्रोपेनचा मुख्य कॉक बंद करा, म्हणजे फ्रिज, वॉटर हीटर आणि फर्नेस यांच्या ज्योती विझतात. पेट्रोल उघडं असताना जवळ ज्योत असणं जिवावरचं आहे. फ्रिजच्या बर्नरची जाळी बऱ्याच गाड्यांत जनरेटरपासून हाताच्या अंतरावर असते. आता बॅटरीची ऋण तार काढा आणि स्पार्क प्लगची टोपी उपसून बाजूला ठेवा.

झाकण आणि एअर फिल्टर काढा. फिल्टरच्या मागे कार्बुरेटरचं तोंड दिसतं. ते थेट दिसत नसेल तर आरसा लावा. थंड सेटवर प्लेट बंद किंवा जवळजवळ बंद दिसायला हवी. तिचा फोटो काढा. मग बोटाने हळूच तिला उघडण्याच्या दिशेने ढकला आणि सोडा. ती सहज उघडून स्प्रिंगच्या ओढीने परत यायला हवी. अधेमधे अडकली, किंवा जिथे सोडली तिथेच लटकून राहिली, तर दुखणं सापडलं. प्लेटची कड नीट बघा. बंद होताना ती भिंतीला कुठे घासत असेल तर त्या जागी चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ पडलेली असते. दांडी जिथे कार्बुरेटरच्या अंगात शिरते तिथे पिवळट-तपकिरी थर दिसला तर तो वाळलेल्या पेट्रोलचा आहे.

आता चालू सेटवर. यासाठी दोन माणसं हवीत, एक आत बटणापाशी आणि एक बाहेर. बॅटरी आणि प्लग परत जोडा. हत्यारं, फडकी, सैल बाह्या, ओढणी, काहीही सेटजवळ नको. चेहरा कार्बुरेटरच्या समोर आणू नका. इंजिनाने उलट भडका घेतला तर ज्योत तिथूनच बाहेर येते. तळहाताने तोंड झाकून चोक देण्याचा जुना जुगाड इथे करू नका, आणि ईथरचा स्प्रेही मारू नका.

सेट सुरू करा आणि बाजूने प्लेटवर नजर ठेवा. काही मिनिटांत ती हळूहळू उघडत जाऊन पूर्ण उभी झाली पाहिजे. ती हललीच नाही, तर एकतर ती अडकली आहे किंवा हीटर तापत नाही. प्लेट पूर्ण उघडली आहे आणि तरीही इंजिन वरखाली करतंय, अशा वेळी लांब लाकडी काडीने तिला किंचित बंद करून बघा. आवाज एकसारखा झाला तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे कार्बुरेटर घाण आहे आणि चोक निर्दोष आहे. आणखी बिघडलं तर पेट्रोल आधीच जास्त होतंय. या एका चाचणीने बऱ्याच जणांचा नव्या चोकचा खर्च वाचेल. झाकण काढून सेट फार वेळ चालवू नका, कारण थंड हवेची वाट त्या झाकणांनीच बांधलेली असते.

५. सफाई: सगळ्यात स्वस्त उपाय

प्लेट अडकत असेल तर सेट पुन्हा पूर्ण थंड करा, बॅटरी सोडा, आणि दांडीच्या दोन्ही टोकांना कार्बुरेटर क्लीनरचे छोटे फवारे मारा. टूथब्रशने घासा, प्लेट पुढे-मागे हलवा, पुसा, पुन्हा फवारा. घाई करू नका, वाळलेला थर विरघळायला वेळ लागतो. चोकच्या प्लॅस्टिकच्या गोल कव्हरवर मात्र स्प्रे उडू देऊ नका. तो प्लॅस्टिक आणि रबर दोन्ही खातो. कव्हरवर फडकं गुंडाळा आणि मगच फवारा.

सफाईनंतर ऑइल किंवा ग्रीस लावायचा मोह होतो. ते लावू नका. त्यावर धूळ बसते आणि पुढच्या मोसमात प्लेट पहिल्यापेक्षा घट्ट बसते. काही लावायचंच असेल तर कोरडं ग्रॅफाइट. प्लेट आता बोटाच्या हलक्या स्पर्शाने फिरत असेल तर वरची थंड-गरम चाचणी पुन्हा करा. बरेच सेट या पायरीवरच बरे होतात.

६. हीटर आणि तारेची चाचणी

प्लेट मोकळी आहे पण सेट तापल्यावरही उघडत नाही, तर आता मल्टिमीटर घ्या. पहिला प्रश्न, हीटरपर्यंत वीज पोचते का. सेट चालू असताना चोकच्या तारेवर १२ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. दिसत नसेल तर नवा चोक बसवूनही काही होणार नाही. तार कुठे तुटली आहे, कनेक्टर हिरवा पडला आहे का, फ्यूज गेला आहे का, हे शोधा.

वीज पोचत असेल तर सेट बंद करा, तार काढा आणि हीटरचा रेझिस्टन्स मोजा. चांगला हीटर काही ओहम दाखवतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली आहे आणि हीटर बदलावाच लागेल. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा दुरुस्तीच्या पुस्तिकेत असतो, त्याच्याशी ताडून बघा.

चोकला एकच तार असेल तर विजेची परतीची वाट कार्बुरेटरच्या धातूतून जाते. मध्ये गंज, रंग किंवा नको तिथे घातलेलं गास्केट आलं की हीटर शाबूत असूनही तापत नाही. हे कोणाच्या पटकन ध्यानात येत नाही.

७. चोक बदलणं

नवा चोक मॉडेल, स्पेक अक्षर आणि पार्टांच्या यादीतला नंबर जुळवूनच घ्या. स्वस्तातले नकली कार्बुरेटर चोकसकट मिळतात. त्यातले काही चालतातही, पण मला ते घ्यावेसे वाटत नाहीत. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी तर विशेष सांभाळावं, कारण तिथे धुराचे नियम कडक आहेत. याच कारणाने कार्बुरेटरवरच्या मिश्रणाच्या स्क्रूवर टोप्या बसवलेल्या असतात. त्या उपटून ‘ट्यूनिंग’ करू नका.

प्रत्यक्ष काम छोटं आहे. सेट थंड, बॅटरी आणि प्लग सोडलेले, प्रोपेन बंद.

मार्करने जुन्या कव्हरवर आणि कार्बुरेटरच्या अंगावर मिळून एक सरळ रेघ ओढा, म्हणजे मूळ जागा कळेल. फोटो काढा. तार काढा. कव्हरचे स्क्रू, बहुतेक वेळा तीन, थोडे थोडे आळीपाळीने सैल करून काढा. कव्हर सरळ बाहेर ओढा. आत गुंडाळलेली स्प्रिंग दिसेल आणि तिच्या टोकाला छोटा आकडा (हूक) असेल. तो आकडा प्लेटच्या दांडीवरच्या बोटासारख्या लिव्हरच्या खाचेत अडकलेला असतो. खाच कुठल्या बाजूला आहे ते नीट बघून ठेवा.

नवं कव्हर बसवताना आकडा त्याच खाचेत गेला पाहिजे. तो बाहेर राहिला तर कव्हर दिसायला अगदी नीट बसतं, स्क्रूही आवळले जातात, पण स्प्रिंग आत मोकळीच फिरते आणि प्लेटला काही कळतच नाही. यासाठी सोपी युक्ती: स्क्रू आवळण्याआधी कव्हर दोन्ही बाजूंना किंचित फिरवा. कव्हरबरोबर प्लेट हलली तर आकडा बसला आहे. हलली नाही तर पुन्हा काढा.

कव्हरवरची खूण जुन्या रेघेशी जुळवा. स्क्रू हाताच्या जोराने, आळीपाळीने आवळा. प्लॅस्टिकला तडा जायला फार जोर लागत नाही. तार जोडताना ती एग्झॉस्टला किंवा फिरणाऱ्या भागाला लागणार नाही अशी बांधा.

८. समायोजन

नव्या चोकवर थंड सेट पटकन सुरू होतो आणि काही मिनिटांत प्लेट पूर्ण उघडते, असं असेल तर काहीही फिरवू नका. तसं नसेल तरच स्क्रू सैल करा, काढू नका, आणि कव्हर अगदी थोडं, एका खाचेएवढं फिरवा. कुठल्या दिशेने बंद होतं हे तोंडी सांगण्यापेक्षा प्लेटकडे बघून ठरवा, मॉडेलप्रमाणे ते बदलतं. जुन्या ओनानच्या दुरुस्ती पुस्तिकांत बाहेरच्या तापमानाप्रमाणे प्लेट किती उघडी हवी याचा तक्ता असतो. तो मिळाला तर त्याच्याप्रमाणेच चला.

प्रत्येक बदलानंतर सेट पुन्हा पूर्ण थंड होऊ द्या. एकाच दुपारी चार वेळा फिरवलं तर कोणत्या फिरवण्याने काय झालं हे कळणार नाही. शनिवारी सकाळी एक, रविवारी सकाळी एक, अशा संथपणाने हे काम लवकर आटोपतं. आणि ऋतूप्रमाणे चोक फिरवत बसू नका. थंडी-उन्हाचा हिशोब स्प्रिंग स्वतः करते.

डोंगरात गेल्यावर काळा धूर दिसला तर चोकला हात लावण्याआधी उंची आठवा. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे आणि येलोस्टोनचा बराच भाग ७,००० फुटांच्या वर. विरळ हवेत पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी, म्हणून धूर येतो. काही ओनान मॉडेलांच्या कार्बुरेटरवर उंचीसाठी वेगळी खुंटी असते. चढताना ती फिरवा आणि उतरल्यावर आठवणीने परत आणा. ताकदही दर १,००० फुटांमागे सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते, त्यामुळे वर गेल्यावर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावू नका.

९. भार देऊन चाचणी

सगळी झाकणं, फिल्टर परत लावा. प्रोपेन उघडण्याआधी पेट्रोल कुठे गळत नाही ना, वास येत नाही ना, ते बघा. गाडीतल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मचं बटण दाबून तो वाजतो का तपासा आणि त्याच्या मागची तारीख वाचा. हे अलार्म ठराविक वर्षांनी निकामी होतात आणि जुन्या गाड्यांत ते बदललेले नसतात. एग्झॉस्टच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा. हे टाळून जनरेटरचं कुठलंच काम करू नका. या वायूला वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही.

थंड सेट सुरू करा, काही मिनिटं बिनभाराचा चालू द्या, मग एसी लावा. एसी सुरू होताना आवाज क्षणभर दबतो आणि सावरतो, ते ठीक आहे. गाडीतल्या सॉकेटला व्होल्टमीटर लावून आकडा १२० च्या आसपास स्थिर आहे का बघा. अर्धा तास चालवून बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करा. गरम सेट ताबडतोब सुरू व्हायला हवा. अडखळला तर प्लेट तापूनही पूर्ण उघडत नाही, आठव्या पायरीवर परत जा.

ही चाचणी घरासमोरच करा. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडांत जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच चालवता येतो. त्या दोन तासांतला एक तास तुम्ही झाकण उघडून उकिडवे बसलात, तर शेजारच्या तंबूवाल्यांनाही त्रास आणि तुमची बॅटरीही अर्धीच राहणार.

१०. पुन्हा तेच दुखणं येऊ नये म्हणून

ओनानची शिफारस सरळ आहे: महिन्यातून एकदा, सुमारे निम्म्या भारावर, २ तास चालवा. बिनभाराचा दहा मिनिटं चालवून उपयोग नाही, तेवढ्यात ओल वाळत नाही आणि चोकही नीट तापत नाही. हिवाळ्यासाठी गाडी उभी करणार असाल तर टाकीत स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं औषध, घालून मग जनरेटर चालवा, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून गाडी झाकली तर कार्बुरेटरमध्ये जुनंच राहतं.

पंपावर एक गोष्ट सांभाळा. मिडवेस्टमध्ये ‘अनलेडेड ८८’ नावाने थोडं स्वस्त पेट्रोल मिळतं. त्यात इथेनॉल १५ टक्क्यांपर्यंत असतं आणि पंपावर तसं केशरी लेबल असतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या नियमांप्रमाणे ते जनरेटरसारख्या इंजिनांत वापरायला मनाई आहे. टाकी एकच असल्यामुळे गाडीत भरलेलं तेच पेट्रोल जनरेटरलाही जातं. नेहमीचं, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचंच पेट्रोल भरा.

पेट्रोल कुठून गळतंय हे कळत नसेल, चोक नीट उघडूनही काळा धूर थांबत नसेल, किंवा कार्बुरेटर काढायला सेट खाली उतरवावा लागणार असेल, तर मोबाइल आरव्ही टेक्निशियनला, म्हणजे गाडीपाशी येऊन मोटारहोम दुरुस्त करणाऱ्याला, बोलवा. त्याला फोन करताना मॉडेल नंबर, स्पेक अक्षर, तासांच्या मीटरचा आकडा, लुकलुकण्याचा कोड आणि थंड-गरम प्लेटचे फोटो हाताशी ठेवा. ‘चालत नाही’ एवढंच ऐकलं तर तो पार्टांची यादी वाचायला लागेल. ‘थंड असताना प्लेट बंद, दहा मिनिटांनीही बंदच, तारेवर १२ व्होल्ट येतात, हीटरचा रेझिस्टन्स अनंत’ असं ऐकलं तर येताना तो नेमका चोकच घेऊन येईल.